ताऱ्यांची गति मोजणारे कॅप्टन जेकब

भाईंदरच्या पूर्वेकडील नवघर हें गांव खाडी व मिठागरें यांच्या सोबतीनें वाढलें. आतां त्या गांवाचें शहर झालें आहे, आणि दक्षिणेस मुंबईच्या दिव्यांचा उजेड इतका पसरतो कीं, आकाशांतील बारीक तारे त्यांत विरून जातात. तरी ग्रीष्मांतील स्वच्छ रात्रीं वृश्चिक राशीचा लांबट आंकडा तेथून अजून ओळखूं येतो. आमच्या आजोबांनीं तो जेथें दाखविला, तेथेंच तो आम्हीं आपल्या मुलांस दाखवितों. यामुळें सहजच आम्हांस वाटतें कीं, ग्रह तेवढे चालतात व तारे मात्र खिळ्यांनीं ठोकल्याप्रमाणें स्थिर आहेत. ही समजूत खरी नाहीं. ती खोटी कशी, हें ज्या लोकांनीं रात्रीमागून रात्र जागून ठरविलें, त्यांपैकीं एक गृहस्थ आमच्याच महाराष्ट्रांत, पुण्यास, राहत होते व पुण्यासच वारले. त्यांचें नांव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम त्यांच्या कामाचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. 1718 सालीं एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिषानें व्याध, स्वाती व रोहिणी या ताऱ्यांचीं स्थानें प्राचीन ग्रीक लोकांनीं लिहून ठेविलेल्या स्थानांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां ते तारे आपल्या जागेवरून सरकले आहेत असें त्याच्या ध्यानांत आलें. या सरकण्यास ताऱ्याची निजगति म्हणतात. ती आपल्या दृष्टीस अतिशय अल्प दिसते. आकाशांत सर्वांत जलद सरकतांना दिसणारा जो बार्नार्डचा तारा, त्यासही पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढें अंतर कापण्यास सुमारें 175 वर्षें लागतात. म्हणून एका मनुष्याच्या नुसत्या डोळ्यांस ती गति कळणें शक्य नाहीं. एकानें हजारों ताऱ्यांचीं स्थानें काळजीपूर्वक मोजून त्यांची यादी करावी, व पुढें दुसऱ्यानें तेच तारे पुन्हां मोजून फरक काढावा, हाच त्यास मार्ग आहे. एका पिढीनें पेरावें व दुसरीनें कापावें, असें हें शेत आहे.

जेकब साहेबांचा जन्म 19 नोव्हेंबर 1813 रोजीं इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत वूलाव्हिंग्टन या खेड्यांत झाला. त्यांचे वडील त्या गांवच्या मंडळीचे पाळक होते. घरांत मुलें पुष्कळ होतीं; हे सहावे पुत्र. त्यांच्याहून थोडे वडील बंधु जॉन हेही हिंदुस्थानांत आले व सेनापति म्हणून नांवाजले. सिंधमधील जेकबाबाद शहर त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. एका भावाचें नांव शहरास मिळालें. दुसऱ्याचें नांव ताऱ्यांच्या याद्यांत राहिलें.

विल्यम यांनीं 1828 सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कम येथील विद्यालयांत प्रवेश केला, व शिक्षण पुरें करून 1831 सालीं मुंबई इलाख्याच्या इंजिनियर पथकांत ते दाखल झाले. कांहीं वर्षें त्यांनीं त्रिकोणमितीच्या पद्धतीनें जमिनीची मोजणी करण्याचें काम केलें. डोंगराच्या शिखरावर खूण उभारावी, दुसऱ्या शिखरावरून तिचा कोन घ्यावा, आणि कोनांवरून अंतरें काढावीं, असें तें काम असे. कोनांत केसाएवढी चूक झाली तर गांवच्या गांव नकाशावर भलत्या जागीं जावयाचें. ही शिस्त त्यांच्या हाडींमाशीं खिळली, आणि जमिनीवर शिकलेली विद्या त्यांनीं पुढें आकाशाकडे वळविली.

1842 सालीं त्यांनीं पुण्यास आपली खासगी वेधशाळा स्थापिली. तेथील दुर्बीण डोलंड या कारागिराच्या पेढीनें केलेली असून पांच फूट लांबीची होती. मोठ्या वेधशाळांतील यंत्रांपुढें ती लहानच. परंतु पुण्याहून दक्षिणेकडील जे तारे दिसतात, ते युरोपांतील पुष्कळ ज्योतिषांच्या दृष्टिपथांत कधींच येत नाहींत, हें जेकब साहेबांनीं ओळखलें. पुढें ते रजेवर स्वदेशीं गेले, तेथें 1844 सालीं त्यांचा विवाह झाला, आणि पुढील वर्षीं ते परत आले.

त्यांचें विशेष लक्ष जोडताऱ्यांकडे होतें. डोळ्यांस एकच दिसणारा तारा दुर्बिणींतून पाहिला असतां पुष्कळदां दोन ताऱ्यांचा निघतो. कित्येक जोड्यांतील तारे खरोखरच एकमेकांभोंवतीं फिरत असतात. फेरा किती वर्षांत होतो व दोघांमध्यें अंतर किती, हें कळलें म्हणजे त्यांचें वजन गणितानें काढितां येतें. ताऱ्यास तराजूंत घालण्याचा हाच सर्वांत सरळ उपाय आहे. त्या काळीं ताऱ्यांचीं छायाचित्रें घेण्याची कला नव्हती. दुर्बिणीच्या डोळ्याशीं कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक तंतु ताणलेले असत. एक तंतु एका ताऱ्यावर व दुसरा दुसऱ्यावर आणून मधलें अंतर स्क्रूच्या फेऱ्यांनीं मोजावयाचें. हें सर्व अंधारांत, एका डोळ्यानें, श्वास रोखून करावें लागे.

अशा रीतीनें पुण्यास मोजलेल्या 244 जोडताऱ्यांची यादी त्यांनीं 1848 सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीस सादर केली. वृश्चिक राशींत, अनुराधा नक्षत्राच्या जवळ, एक जोडतारा आहे. त्यांतील मंद ताराही स्वतः दुहेरीच आहे, म्हणजे तेथें दोन नसून तीन तारे आहेत, हें 1847 सालीं पुण्याच्या त्या लहान दुर्बिणींतून त्यांस दिसलें. पुढें अधिक शक्तीच्या यंत्रांनीं त्याच कुटुंबांत निदान सात तारे असल्याचें दाखविलें आहे. नवघरहून जो आंकडा आम्हीं पाहतों, त्याच्या डोक्यापाशींच हें कुटुंब आहे.

डिसेंबर 1848 मध्यें त्यांची नेमणूक मद्रासच्या वेधशाळेवर मुख्य म्हणून झाली. तेथील त्यांचें एक काम आमच्या मतें सर्वांत मोलाचें आहे, जरी त्याची वाहवा फारशी झालेली नाहीं. त्या सुमारास ब्रिटिश असोसिएशननें आठ हजारांहून अधिक ताऱ्यांची एक मोठी यादी प्रसिद्ध केली होती. तींतून 1,440 तारे निवडून जेकब साहेबांनीं त्यांचीं स्थानें नव्यानें ठरविलीं. त्याच यादींत कांहीं ताऱ्यांस फार मोठी निजगति असल्याचें नमूद होतें. अशा 317 ताऱ्यांचे वेध त्यांनीं 1853 ते 1857 या वर्षांत पुन्हां घेतले, आणि ती मोठी गति चुकीनें लिहिली गेली होती असें त्यांस आढळून आलें.

ही चूक कशी होते, तें समजून घेण्यासारखें आहे. गति म्हणजे जुनें स्थान व नवें स्थान यांतील फरक. जुन्या मोजणाऱ्याची रेघ चुकली असेल, तर तारा हलला नसतांही हललासा दिसतो. शेताच्या बांधाचा जुना नकाशा चुकीचा असला, तर शेजाऱ्यानें बांध सरकविला नसतांही त्याजवर आळ येतो, तसाच हा प्रकार. अशा वेळीं पुन्हां मोजणारा मनुष्य नवीन कांहींच शोधीत नाहीं. तो केवळ खोटा आळ दूर करितो. नवा तारा सांपडला कीं नांव होतें; खोटी गति काढून टाकिली तर पुस्तकांतील एक ओळ तेवढी खोडली जाते. तरी चार वर्षें त्यांनीं हें काम केलें. शिवाय 250 जोडताऱ्यांचीं 998 मोजमापें त्यांनीं मद्रासहून प्रसिद्ध केलीं. 1852 सालीं शनीच्या आंतील काळसर कड्यांतून पलीकडचा शनीचा पृष्ठभाग दिसतो, म्हणजे तें कडें पारदर्शक आहे, हेंही त्यांनीं पाहिलें; इंग्रज ज्योतिषी लासेल यासही तें जवळजवळ त्याच वेळीं दिसलें.

इतरांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या या साहेबांकडूनही एक चूक झाली, ती लपविणें योग्य नव्हे. भुजंगधारी तारकासमूहांतील 70 क्रमांकाचा तारा हा एक जोडतारा आहे. त्याचा फेरा सुमारें 88 वर्षांचा. गणितानें तारा जेथें असावयास पाहिजे, तेथें तो मोजमापांत नेमका सांपडेना. तेव्हां 1855 सालीं जेकब साहेबांनीं असें सुचविलें कीं, त्या ताऱ्याजवळ न दिसणारा एक ग्रह असून तो त्यास ओढीत असावा. सूर्यावांचून दुसऱ्या ताऱ्यासही ग्रह असेल, असें मोजमापांच्या आधारें म्हणणारे ते अगदीं पहिल्यांपैकीं होत. परंतु तो ग्रह खरा ठरला नाहीं. मोजमापांतील बारीक दोषांनीं त्यांस फसविलें. आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा ग्रह निश्चितपणें सांपडण्यास 1995 साल उजाडावें लागलें. त्यांचा प्रश्न योग्य होता. उत्तर मात्र त्यांच्या यंत्राच्या आवांक्याबाहेरचें होतें.

मद्रासची हवा त्यांस मानवली नाहीं. प्रकृति ढासळल्यामुळें त्यांस दोनदां इंग्लंडास जावें लागलें, व शेवटीं तें पद त्यांनीं सोडलें. 18 जुलै 1860 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं स्पेनास गेलेल्या ज्योतिषांच्या मंडळींत ते होते. पण त्यांचें मन पुण्याच्या आकाशाकडेच ओढ घेत होतें. भर दुपारीं मिठागरापलीकडील झाडें आपणांस थरथरतांना दिसतात, तीं झाडें हलत नसतात. मधली तापलेली हवा हलत असते. तीच हवा ताऱ्याचें बिंब नाचविते. उंच डोंगरावर गेलें असतां दाट हवेचा थर खालीं राहतो व बिंब पुष्कळसें स्थिर होतें. म्हणून पुण्याजवळ सुमारें पांच हजार फूट उंचीच्या डोंगरावर वेधशाळा उभारावी, अशी योजना त्यांनीं मांडिली. 1862 सालीं पार्लमेंटनें तीसाठीं एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची मोठी दुर्बीण त्यांनीं स्वतःच्या पैशानें घेतली, आणि तीन वर्षें तेथें राहून काम करण्याचें वचन दिलें.

8 ऑगस्ट 1862 रोजीं ते मुंबई बंदरांत उतरले. पावसाळ्याचे दिवस होते. बोरघाटांतील आगगाडीचा चढ अजून खुला झाला नव्हता. तो पुढच्या वर्षीं झाला. आधींच दुबळ्या झालेल्या शरीरास हा प्रवास झेपला नाहीं. ते पुण्यास पोहोंचले खरे, परंतु 16 ऑगस्ट रोजीं, मुंबईस उतरल्यापासून आठव्या दिवशीं, तेथेंच वारले. वय पन्नासही पुरें नव्हतें. डोंगर तसाच राहिला, आणि ज्या वेधशाळेसाठीं ते आले होते, तिच्यांतून एकही तारा त्यांस पाहतां आला नाहीं.

एवढ्यावरच चरित्र संपलें असतें, तर तें दुःखाचें म्हटलें असतें. परंतु त्यांच्यामागून पुण्यास दुसरे आले. 1888 सालीं प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं तेथील सायन्स कॉलेजांत महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारिली. ती 1912 सालीं बंद होऊन तिचीं यंत्रें कोडाइकनालास गेलीं. हैदराबादेच्या निझामिया वेधशाळेनें सर्व आकाशाच्या छायाचित्रांच्या जागतिक कामांत आपला वांटा उचलिला व लक्षावधि ताऱ्यांचीं स्थानें छापून काढिलीं. अलीकडे, डिसेंबर 2013 मध्यें, युरोपांतील राष्ट्रांनीं गाया नांवाचें यान हवेच्या पार, पृथ्वीपासून सुमारें 15 लाख किलोमीटर दूर पाठविलें. जेकब साहेबांस जो डोंगर पाहिजे होता, त्याहून उंच डोंगर तो कोणता! त्या यानाच्या 2022 च्या यादींत सुमारें 180 कोटी ज्योतींचीं स्थानें आहेत, आणि आठ लाखांहून अधिक जोडताऱ्यांची माहिती आहे. 2025 सालच्या आरंभीं त्याचें वेध घेण्याचें काम संपलें.

तर मग 998 मोजमापांची किंमत 180 कोटींपुढें काय उरली, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें आहे कीं, गायानें दहाबारा वर्षेंच आकाश पाहिलें. ज्या जोडीस एक फेरा पुरा करण्यास शेंकडों वर्षें लागतात, तिच्या वाटेचा एक लहानसा तुकडाच त्यास दिसला. बाकीची वाट ठरवितांना जुन्या लोकांच्या वह्याच उघडाव्या लागतात. 1847 सालीं तारा कोठें होता, हें आजचें कोणतेंही यंत्र, कितीही मोठें असलें तरी, मागें जाऊन पाहूं शकत नाहीं. त्या रात्रीं जो जागा होता, त्याचाच शब्द घेतला पाहिजे. आणि तो शब्द खरेपणानें लिहिलेला असला तरच उपयोगी पडतो.

वाचकहो, आमच्या खेड्यांतील पुष्कळ कामें याच जातीचीं आहेत. शाळेंतील हजेरीपट, विहिरीच्या पाण्याची नोंद, पंचायतीचा हिशेब हीं लिहितांना कोणी पाहत नाहीं व कोणी वाखाणीत नाहीं. परंतु शंभर वर्षांनीं कोणास तरी त्या ओळीवर भरंवसा ठेवावा लागेल. पुढच्या ग्रीष्मांत दिवे मालवून अंगणांत उभे राहाल, आणि दक्षिणेस वृश्चिकाचा आंकडा दिसेल, तेव्हां त्याच्या डोक्याजवळ पाहा. तेथें एकाच्या जागीं तीन तारे आहेत असें पुण्यास बसून ज्यांनीं लिहून ठेविलें, त्या कॅप्टन जेकबांचें नांव मुलांस अवश्य सांगा.