डॉ. सुशीला नायर : पटकीच्या साथीपासून सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत

वर्धा जिल्ह्यात राहत असाल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला नवं नाही. ते उभं करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांचं आयुष्य साथीच्या काळात तुमच्याही उपयोगी पडेल असं आहे.

त्यांचा जन्म १९१४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातला. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन १९३९ मध्ये त्या सेवाग्रामला आल्या. त्यांचे भाऊ प्यारेलाल गांधीजींचे सचिव होते. थोड्याच दिवसांत वर्ध्याकडे पटकीची, म्हणजे कॉलराची साथ पसरली. या तरुण डॉक्टरने ती जवळजवळ एकटीने हाताळली. पटकीत जुलाब-उलट्यांवाटे शरीरातलं पाणी आणि क्षार इतके झपाट्याने जातात की काही तासांत रुग्ण दगावू शकतो. ओआरएसची पाकिटं तेव्हा नव्हती.

१९४२ च्या आंदोलनात त्या गांधीजी आणि कस्तुरबांसोबत आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. सुटल्यावर १९४४ मध्ये त्यांनी सेवाग्रामला छोटा दवाखाना काढला. वर्षभरात त्याचं कस्तुरबा रुग्णालय झालं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या.

तिघांचा वाटा

१९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिचा निम्मा खर्च केंद्र सरकारने, पाव राज्य सरकारने आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उचलायचा, अशी व्यवस्था ठरली. गावांनीही हातभार लावला. सुगीला शेतकऱ्यांनी ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात रुग्णालयात सवलतीत उपचार मिळवायचे, अशी आरोग्य विमा योजना इथे चालली. विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. त्यामुळे साथ येण्याआधीच डॉक्टरला गाव ठाऊक असतं आणि गावाला डॉक्टर. साथीत नेमकी हीच ओळख कामी येते.

३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामलाच त्यांचं निधन झालं.

तुमचा वाटा कोणता?

पावसाळ्यात गावात एकाच वेळी दोन-चार घरांत जुलाब सुरू झाले, तर लगेच आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकली का, हे ग्रामपंचायतीला विचारा. पाणी उकळून प्या. रुग्णाला पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्या. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा ग्लानी आली, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

पाण्याचा नमुना तपासणं आरोग्य खात्याचं काम, पाणी शुद्ध करणं ग्रामपंचायतीचं आणि उपचार आम्हा डॉक्टरांचं. पण पहिली खबर तुमच्याकडूनच यायची असते. ती एक दिवस उशिरा आली, तर बाकीचे सगळेही एक दिवस उशिरा पोहोचतात.