दुकानदाराचा मुलगा

गणपतीच्या स्मरणिकेत नाताळच्या सिनेमावर लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण वर्गणीच्या फेरीत दरवर्षी एखादा नुकताच बदली होऊन आलेला, एकटा राहणारा मुलगा दार उघडतो आणि मला १९४० सालचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ आठवतो. मग तो करणारा अर्न्स्ट लुबिचही.

लुबिच २९ जानेवारी १८९२ रोजी बर्लिनमध्ये एका ज्यू शिंप्याच्या घरी जन्मला. वडिलांचा बायकांच्या कपड्यांचा धंदा होता. मुलगा दिवसा त्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहायचा आणि संध्याकाळी नाटकाकडे पळायचा. (आपल्याही कितीतरी घरांतली ही गोष्ट!) १९११ मध्ये तो माक्स राइनहार्ट यांच्या नाटक कंपनीत शिरला. पुढे सिनेमात आला, पण दुकान काही सुटलं नाही. १९१६ च्या ‘शूपालास्ट पिंकुस’मध्ये तो स्वतःच बुटांच्या दुकानातला वाह्यात नोकर झाला.

१९२२ च्या अखेरीस मेरी पिकफर्डच्या बोलावण्यावरून तो हॉलिवूडला गेला. नुसतं बंद दार दाखवून आतली सगळी भानगड सांगावी ती त्यानेच. तिथे त्याला नाव, पैसा सगळं मिळालं. इकडे जर्मनीत मात्र नाझी सरकारने १९३५ मध्ये त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकन झाला.

अशा माणसाने मिक्लोश लास्लो यांच्या हंगेरियन नाटकावरून हा सिनेमा केला. त्याला त्यात जेम्स स्टुअर्ट आणि मार्गारेट सुलावनच हवे होते. ते मोकळे होईपर्यंत त्याने मधल्या वेळात ग्रेटा गार्बोचा ‘निनोच्का’ उरकला! कथा बुडापेस्टमधली. माटुशेकांच्या चामडी वस्तूंच्या दुकानात क्रालिक आणि क्लारा दिवसभर भांडतात आणि रात्री अनोळखी मित्राला प्रेमपत्रं लिहितात. ती एकमेकांनाच लिहिलेली आहेत, हे आधी क्रालिकला कळतं. स्टुअर्ट-सुलावन यांची नाटकाच्या दिवसांपासूनची मैत्री होती, म्हणून त्यांची भांडणंसुद्धा सलगीची वाटतात. फेलिक्स ब्रेसार्ट हाही जर्मनी सोडून आलेला नट. मालक प्रामाणिक मत विचारू लागला की त्याचा पिरोविच हळूच जिन्यावरून पसार होतो. आमच्या खात्यात असे तिघे होते, नावं सांगत नाही.

पण माझा जीव अडकतो तो म्हाताऱ्या माटुशेकमध्ये. ते काम फ्रँक मॉर्गनने केलं आहे. बायको आपल्याच एका नोकरात गुंतली आहे असं निनावी पत्र त्याला येतं. तो निरपराध क्रालिकवर संशय घेऊन त्याला कामावरून काढतो. खरं कळल्यावर स्वतःला गोळी घालायला निघतो, पण दुकानातला पोऱ्या पेपी त्याला वाचवतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानात विक्रमी विक्री होते. मग बर्फात उभा राहून माटुशेक एकेका नोकराला विचारतो, आज रात्री काय बेत? प्रत्येकाला घर आहे. शेवटी रूडी हा नवा पोऱ्या निघतो. त्याचं गावात कोणीच नाही. मालकाचा चेहरा उजळतो. जेवणात काय काय मागवायचं ते तो रस्त्यातच पोराला सांगत सुटतो.

मी भिलाईत रुजू झालो त्या वर्षी गणपतीच्या दिवशी मेसमध्ये एकटा जेवलो होतो. पुढे हा सिनेमा पाहिला तेव्हा या दृश्याला मी चष्मा काढून पुसत बसलो. सौ.ला वाटलं, झोप आली.

युरोपात युद्ध पेटलेलं असताना लुबिचने आपल्या वडिलांच्या काळातलं दुकान अमेरिकेतल्या स्टुडिओत उभं केलं. १९४३ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. मार्च १९४७ मध्ये खास ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो गेला. नाताळ तेव्हा महिन्यावर आला होता.

यंदाच्या फेरीत ‘ब’ टाईप क्वार्टर्समधल्या एका मुलाने दार उघडलं. पावतीबरोबर त्याला आरतीची वेळ सांगितली आहे, आणि पहिल्या दिवशी जेवायला आमच्याकडे यायचं हेही.