उकिरड्याला शिस्त लावणारे हॉवर्ड

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या लाकडासारख्या कठीण असतात. गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, आणि जमिनीत गाडल्या तर लवकर कुजत नाहीत. म्हणून शेतकरी त्या चुलीत घालतो नाहीतर बांधावर पेटवून देतो. शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात, गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत जिरून जाते. पीक दरवर्षी जमिनीतून काही ना काही घेऊन जाते आणि परत फारसे काही येत नाही. १९२४ साली इंदूरला आलेल्या अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला माळव्याच्या काळ्या जमिनीचे दुखणे नेमके इथे दिसले.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ सालचा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या शेतकरी घरातला. केंब्रिजला शिकून ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांच्या बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. काम होते प्रयोगशाळेतले. रोगट पाने तपासायची आणि उपाय सुचवायचा. पण तो उपाय करून पाहायला स्वतःचे शेत नव्हते. औषध लिहून द्यायचे आणि रोगी पुन्हा कधी दिसायचाच नाही, अशातला हा प्रकार. ही बोच त्यांना लागून राहिली. १९०५ मध्ये सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसा येथे नेमणूक झाल्यावर त्यांनी जमीन मागून घेतली आणि स्वतः शेती सुरू केली.

त्याच वर्षी त्यांचे लग्न गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाले. त्या स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि प्रकाशसंश्लेषणावरचे त्यांचे काम नावाजलेले होते. पुढची पंचवीस वर्षे दोघांनी मिळून काम केले. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ या गव्हाच्या जाती त्यातूनच आल्या. हॉवर्ड यांच्या नावावर जमा होणाऱ्या बऱ्याच गोष्टींत गॅब्रिएल यांचा निम्मा वाटा धरायला हवा. तो सहसा धरला जात नाही.

पुशाचीच एक गोष्ट पुढे फार गाजली. हॉवर्ड यांच्या शेतावर बैल होते. चांगल्या पोसलेल्या जमिनीतला हिरवा चारा खाणाऱ्या जनावरांना रोग सहजी होणार नाही, असे त्यांना वाटे. म्हणून लस न देता त्यांनी आपले बैल लाळ्या-खुरकत झालेल्या शेजारच्या गुरांच्या जवळ जाऊ दिले. अगदी नाकाला नाक लागले, तरी बैलांना काही झाले नाही. यावरून त्यांनी मोठा निष्कर्ष काढला. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर इथे थांबावे लागते. जनावरे मोजकी होती. त्यांच्या तुलनेला निकस चारा खाणारी दुसरी जनावरे ठेवलेली नव्हती. हे बैल आधी कधी रोगातून गेले होते का, तेही तपासलेले नव्हते. लाळ्या-खुरकत भलताच संसर्गजन्य आहे. चारा कितीही चांगला असला तरी आज कोणी त्या भरवशावर लस टाळू नये.

इंदूरला मात्र त्यांनी जे केले, ते पक्क्या पायावर उभे आहे. होळकर दरबारने तीनशे एकर जमीन दिली, कापूस समिती आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला आणि तिथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. मजुरांना वेळेवर रोख पगार, राहायला बरी घरे, दवापाणी आणि कामाचे तास बेताचे. त्या काळी सरकारी शेतावरही हे सहसा नसे.

हॉवर्ड यांच्या पुढचा प्रश्न जीवाणूंच्या आहाराचा होता. काडीकचरा कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब लागतो तसा नत्रही लागतो. पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र नावापुरता. ती तशीच जमिनीत गाडली तर जीवाणू आपली नत्राची भूक मातीतून भागवतात आणि वरचे पीक पिवळे पडते. शिवाय कुजायला ओल लागते, आणि कोरडवाहू रानात ओल आधीच तुटपुंजी. पिकाला पोसणे आणि कचरा कुजवणे ही दोन्ही कामे एकाच जमिनीवर एकाच वेळी लादू नयेत, हे हॉवर्ड यांनी ओळखले. कुजवायचे ते शेताबाहेर, खड्ड्यात.

पद्धत साधीच, पण काटेकोर होती. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायच्या. मग तो चुरा गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. त्यात मूत मुरते, म्हणजे नत्र आपोआप मिळतो. गोठ्याची मूत मुरलेली मातीही खणून घ्यायची. शेण लागते ते विरजणापुरते. त्यामुळे बाकीचे चुलीसाठी उरते. गरिबाच्या घरात शेणावर पहिला हक्क चुलीचा आहे हे हॉवर्ड यांनी मान्य केले होते, आणि हेच या पद्धतीचे खरे मर्म आहे. या सगळ्याचे थर, आंबटपणा मारायला थोडी राख, वरून पाणी. खड्डा फार खोल करायचा नाही, नाहीतर तळाशी हवा पोचत नाही आणि खत न होता घाण सडते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचा. साधारण सोळा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीन वेळा उलथापालथ. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार. वीस बैलजोड्यांच्या त्या शेतावर वर्षाला हजारेक गाड्या खत निघू लागले. असे खत पडले की काळ्या मातीत पावसाचे पाणी जास्त मुरते आणि जास्त दिवस टिकते. पावसाने ओढ दिली की कोरडवाहू शेतकऱ्याला त्याची किंमत कळते.

या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ. १९३१ साली इंदूर पद्धतीवरचे जे पुस्तक ऑक्सफर्डने छापले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने वाड यांचे नाव आहे. पुढे वाड यांनी जॅक्सन यांच्यासह मैला आणि गावचा कचरा याच पद्धतीने कुजवण्याचे काम हाती घेतले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते फार मोलाचे होते. ताजा मैला शेतात टाकला की जंतांची अंडी भाजीपाल्यावरून पुन्हा पोटात येतात. चांगला रचलेला ढीग सुरुवातीला ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. त्या उष्णतेत ही अंडी, माशांच्या अळ्या आणि बहुतेक रोगजंतू टिकत नाहीत. ढिगाच्या कडा मात्र थंड राहतात. उलथापालथ करताना बाहेरचे आत गेले नाही, तर अंडी जिवंत राहतात. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ही संस्था आणि तिथले खत पाहिले.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड इंग्लंडला परतले आणि त्यांच्या धाकट्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी, त्यांनी लग्न केले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. इंदूर पद्धत चहा-कॉफीच्या मळ्यांवर झपाट्याने पसरली. लहान कोरडवाहू शेतकऱ्यांत ती तितकी पसरली नाही, आणि त्यात नवल नाही. एका बैलजोडीच्या घरात तीन वेळा खड्डा उपसायला माणसे कुठून आणायची, आणि एप्रिलमध्ये त्यावर शिंपडायला पाणी कुठून?

आता हॉवर्ड यांचा विषय खतावरून माणसावर आला. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य ही एकच साखळी आहे, असे ते मांडू लागले. १९३९ मध्ये चेशायरच्या डॉक्टरांनी क्रू या गावी सभा घेतली. तिथे ते आणि कुन्नूरला आहारावर संशोधन केलेले डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन असे दोघेही बोलले. मॅककॅरिसन यांनी उंदरांना शीख कुटुंबांसारखा आहार दिला होता, तेव्हा ते धडधाकट राहिले. गरीब इंग्रज घरातला पाव, साखर, चहा, डबाबंद मांस दिले तेव्हा आजारी पडले. हॉवर्ड यांना यात आपल्या मताला आधार दिसला. पण या दोन ताटांत मुख्य फरक अखंड गव्हाच्या चपात्या, दूध, डाळी आणि भाज्यांचा होता. धान्य कोणत्या खतावर वाढले, याचे उत्तर या उंदरांकडून मिळत नव्हते.

साखळी खोटी नाही, ती हॉवर्ड यांना वाटली तितकी सरळ नाही, एवढेच. ज्या जमिनीत जस्त कमी, तिथल्या गव्हातही जस्त कमी उतरते, आणि तोच गहू खाणाऱ्या मुलांना ते कमी पडते. पण त्याच शेताच्या काडीकचऱ्याचे खत त्याच शेतात परत घातले तर मुळात नसलेले जस्त कुठून येणार? ते बाहेरूनच घालावे लागते. हॉवर्ड यांचा रासायनिक खतांवर इतका राग होता की हा भाग त्यांनी कधी मोकळेपणाने विचारात घेतला नाही.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी, हॉवर्ड यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. इंदूरच्या त्यांच्या संस्थेच्या आवारात पुढे कृषी महाविद्यालय सुरू झाले.