खराट्याचे व्रत
(श्री संत गाडगे महाराजांचे अल्पचरित्र)

प्रतिवर्षी 23 फेब्रुवारी रोजी नंदनवनातील आपले समाजबांधव एकत्र जमतात, श्री गाडगे महाराजांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करतात आणि प्रसाद घेऊन घरोघरी परततात. मागील एका जयंतीस भोजनोत्तर उष्ट्या पत्रावळी मंडपात तशाच पडून होत्या, आणि आम्ही ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवर बसून महाराजांच्या थोरवीविषयी बोलत होतो. त्या पत्रावळींकडे दृष्टी जाताच आमची मान खाली गेली. ते शल्य मनात ठेवूनच हे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

महाराजांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. पित्याचे नाव झिंगराजी, मातेचे सखूबाई; बाळाचे नाव डेबूजी. मद्याच्या व्यसनाने पित्याचा अकाली अंत झाला आणि मायलेकरे मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे मामांच्या आश्रयास आली. तेथे डेबूजीने गुरे राखिली, नांगर धरिला, शेतीत घाम गाळिला. सावकाराच्या कर्जात मामांची जमीन गेली, तेव्हा निरक्षर माणसाची नाडणूक कशी होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले. मुलांना शिकवा, हा त्यांचा पुढील आयुष्यातील आग्रह त्या अनुभवातून उपजला असावा.

1892 साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशास मांस व मद्य यांची पंगत देण्याची तत्कालीन रूढी होती. डेबूजींनी ती मोडून जातभाईंना गोडाचे जेवण वाढले. स्वजन रुष्ट होतील हे जाणूनही सुधारणेचा आरंभ त्यांनी स्वतःच्या घरापासून केला, हे आपण विशेष ध्यानात घ्यावे.

1905 सालच्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडिले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती मातीचे गाडगे, दुसऱ्या हाती खराटा. गावात शिरताच ते रस्ते व गटारे झाडू लागत, केलेल्या श्रमाच्या मोबदल्यात भाकरी मागून घेत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. दिवसा गाव आणि रात्री मन, अशी त्यांची दुहेरी झाडलोट असे. कर्ज काढून सण करणे, देवापुढे पशुबळी देणे, दारू पिणे आणि शिवाशीव पाळणे यांवर ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत व त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. 1923 साली मुलगा गोविंद वारल्याची वार्ता कीर्तन चालू असता आली. तरी महाराजांनी कीर्तन थांबविले नाही.

लोकांनी दिलेल्या पैशाला त्यांनी स्वतःचा मानिला नाही. त्यातून पूर्णेकाठी ऋणमोचन येथे घाट बांधिला गेला. पंढरपूर, नाशिक, देहू व आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्या वास्तूंत आपल्या कुटुंबाचे मात्र त्यांनी काही लागू दिले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकिली. 1952 साली त्यांच्या कार्यासाठी मिशनची स्थापना झाली. आपल्या मेडिकल रुग्णालयाच्या आवारात बाहेरगावच्या रुग्णांचे आप्त उघड्यावर निजलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस मिशनच्या दादर येथील धर्मशाळेचे मोल सहज कळेल. टाटा रुग्णालयात उपचारास येणाऱ्या कर्करोग्यांना व त्यांच्या आप्तांना तेथे आसरा मिळतो.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबर रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी महाराजांनी देह ठेविला. त्यांची समाधी अमरावतीस आहे. पुढे राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानास व 2005 साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले. ज्यांना शाळेत जाता आले नाही, त्यांचे नाव आज पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आहे!

महाराज आपल्या जातीचे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांनी कोणास शिष्य केले नाही, आणि कोणत्याही एका जातीचे म्हणून ते जगले नाहीत. आपल्या वाडवडिलांनी घाटावर उभे राहून पिढ्यानुपिढ्या परक्याचे मळके वस्त्र स्वच्छ केले. त्या कष्टास कोणी पुण्य म्हटले नाही. महाराजांनी तेच काम साऱ्या गावासाठी केले आणि त्यास पूजेची प्रतिष्ठा मिळवून दिली. हा त्यांचा आपल्यावरील उपकार केवळ पुष्पहाराने फिटणारा नाही.

यास्तव आमची नम्र सूचना आहे की, येत्या जयंतीस मंडप झाडण्यासाठी मजूर लावू नये. ज्येष्ठांनी प्रथम पत्रावळी उचलाव्यात, तरुणांनी मंडपाबाहेरील रस्ताही झाडावा, आणि वाचलेल्या मजुरीतून एखाद्या गरजू विद्यार्थ्यास वह्या द्याव्यात. तो कोणत्या जातीचा आहे हे विचारू नये. आमचे वय झाले आहे, कंबर पूर्वीसारखी वाकत नाही. तथापि त्या दिवशी पहिला खराटा आमच्या हाती द्यावा, एवढी विनंती आहे.