विश्लेषण : बिरसा मुंडांचे ‘उलगुलान’ काय होते? गोळ्यांचे पाणी झाले नाही, तरी लढा का टिकला?

दरवर्षी १५ नोव्हेंबरला देशभर ‘जनजातीय गौरव दिवस’ साजरा होतो. हा बिरसा मुंडा यांचा जन्मदिवस. पंचविशीही न गाठलेल्या या तरुणाला मुंडा आदिवासी ‘धरती आबा’, म्हणजे पृथ्वीचा पिता मानत. आपल्याला देवाचा आदेश झाला आहे आणि आपण रोग बरे करू शकतो, असे ते सांगत. हजारो लोकांचा त्यावर विश्वास बसला. तो का बसला आणि पुढे काय झाले?

बिरसा कोण होते?

आजच्या झारखंडमधील उलिहातू हे त्यांचे जन्मगाव. जन्म १८७५चा, घर गरीब शेतमजुराचे. काही काळ ते चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकले. त्यांच्या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुढे बिरसा मिशनपासून दूर झाले आणि बंदगाव येथे आनंद पांडे या वैष्णवाच्या सहवासात राहिले.

लोक त्यांच्यामागे का गेले?

मुंडांच्या पूर्वजांनी जंगल साफ करून शेती उभी केली होती. या सामूहिक हक्काला ‘खुंटकट्टी’ म्हणत. इंग्रजी राजवटीत जमीनदार, सावकार आणि ठेकेदार आले. मुंडा त्यांना ‘दिकू’, म्हणजे बाहेरचे म्हणत. जमिनी हातच्या गेल्या, वेठबिगार वाढली, जंगलावर सरकारी निर्बंध आले. मुंडांच्या सरदारांनी अनेक वर्षे अर्ज केले, कोर्टकचेऱ्या केल्या. हाती काही लागले नाही. माणसांकडून न्याय मिळत नाही म्हटल्यावर देवाने पाठवलेल्या माणसाची वाट पाहिली जाणे नवलाचे नव्हते.

चमत्काराचा दावा काय होता?

१८९५मध्ये बिरसांनी आपण देवाचे दूत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या स्पर्शाने आजारी बरे होतात, अशी बातमी पसरली आणि चलकद गावी रीघ लागली. प्रलय येणार, या भाकितामुळे अनेकांनी शेतीची कामे सोडली. मात्र शिकवण केवळ चमत्कारांची नव्हती. एकाच देवाची, सिंगबोंगाची उपासना करा, भुताखेतांना बळी देऊ नका, दारू सोडा, स्वच्छ राहा, असे ते सांगत. राणीचे राज्य संपून मुंडांचे राज्य येणार, असेही ते सांगू लागले तेव्हा सरकार सावध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली.

‘उलगुलान’मध्ये काय घडले?

तुरुंगवासाने बिरसांचे वलय कमी झाले नाही, उलट वाढले. सुटकेनंतर रात्री जंगलात, टेकड्यांवर सभा होऊ लागल्या. शत्रूच्या गोळ्यांचे पाणी होईल, ही श्रद्धा अनुयायांत रुजली. २४ डिसेंबर १८९९ रोजी ‘उलगुलान’, म्हणजे मोठा उठाव सुरू झाला. चर्च आणि मिशनच्या ठिकाणांवर बाण सोडले गेले. काही दिवसांनी खुंटीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला.

९ जानेवारी १९०० रोजी डोंबारीजवळच्या सैल रकब टेकडीवर जमलेल्यांवर फौजेने गोळीबार केला. समोर बंदुका होत्या, हाती धनुष्यबाण. गोळ्यांचे पाणी झाले नाही. किती जण मारले गेले, यावर आजही वाद आहे; सरकारी आकडा आणि लोकस्मृती यांत मोठे अंतर आहे.

बिरसांचा शेवट कसा झाला?

त्यांना पकडून देणाऱ्यास ५०० रुपयांचे इनाम जाहीर झाले होते. फेब्रुवारीत ते पकडले गेले आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. सरकारने कारण कॉलरा सांगितले. विषप्रयोग झाल्याचा संशय अनुयायांनी सोडला नाही. सुमारे ३५० मुंडांवर खटले चालले. तिघांना फाशी, तर ४४ जणांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

मग उरले काय?

बंड मोडले, पण त्यामागचे कारण सरकारला नाकारता आले नाही. जमिनींची मोजणी झाली आणि १९०८मध्ये छोटा नागपूर कुळकायदा आला. त्याने खुंटकट्टी हक्क मान्य केला, वेठबिगारीला मनाई केली आणि आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांकडे जाण्यावर निर्बंध घातले.

हा कायदा आजही लागू आहे. १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जयंतीलाच, झारखंड राज्य स्थापन झाले. त्याच राज्याच्या विधानसभेने २०१६मध्ये या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली, तेव्हा आदिवासी रस्त्यावर उतरले. तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठवले आणि २०१७मध्ये सरकारने माघार घेतली.

बिरसांना देव मानणारे ‘बिरसाईत’ आजही आहेत. न मानणारेही त्यांचे नाव घेतात, कारण चमत्काराच्या भाषेत त्यांनी मांडलेला प्रश्न जमिनीचा होता, आणि तो अजून मिटलेला नाही.