लेकाच्या नावानं लढलेली आई

महाराणी ताराबाई म्हटलं की आपल्याला आठवतो कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरचा त्यांचा घोड्यावरचा पुतळा. औरंगजेबाला झुंजवणारी रणरागिणी! पण या रणरागिणीच्या मोठ्या निर्णयांमागे एक आई उभी होती, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

ताराबाईंचा जन्म १६७५चा. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक, शिवाजी महाराजांची धाकटी सून. माहेरी-सासरी लढाईचंच वारं. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि पती राजाराम महाराज दूर तामिळ मुलखात जिंजीला गेले. ताराबाई मागेच राहिल्या. काही वर्षांनी त्याही जिंजीला पोचल्या आणि १६९६ मध्ये तिथे, शत्रूचा वेढा असतानाच, त्यांना मुलगा झाला. आजोबांचंच नाव ठेवलं, शिवाजी.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. ताराबाईंचं वय पंचविशीचं, पदरात चार वर्षांचं पोर. थोरली जाऊ येसूबाई आणि तिचा मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत. काय करायचं? आधी त्यांनी तडजोडीचाही प्रयत्न केला. मुलाला मनसब मिळावी, काही किल्ले देऊ, असं बोलणं लावलं. बादशहानं ते धुडकावलं. मग मात्र त्यांनी लेकाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला.

पुढची सात वर्षं त्या या गडावरून त्या गडावर फिरत राहिल्या. सरदारांच्या नेमणुका, मोहिमा, पैसा, सगळं स्वतः पाहिलं. म्हातारा बादशहा एकेका किल्ल्यासाठी महिनोन् महिने अडकून पडे. तो किल्ला घेई, मराठे पुन्हा परत मिळवत. त्यांच्या फौजा नर्मदेपार माळव्यापर्यंत धडकल्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ (आजचं अहिल्यानगर) औरंगजेब मेला, तो दख्खन न जिंकताच.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण मोगलांनी शाहूला सोडलं आणि थोरल्या घरचा वारस दारात उभा राहिला. हे राज्य आम्ही रक्त सांडून राखलं, ते माझ्या मुलाचं, असं ताराबाईंचं म्हणणं. चुकीचं तरी कसं म्हणायचं? खेडच्या लढाईत धनाजी जाधवांसारखा सेनापतीच शाहूकडे गेला. सातारा हातचं गेलं. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरला लेकाची वेगळी गादी उभी केली.

तीही टिकली नाही. १७१४ मध्ये सवत राजसबाईनं आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. तीही आईच ना! ताराबाई आणि त्यांचा शिवाजी कैदेत पडले. ज्याच्यासाठी सगळा अट्टहास केला, तो लेक १७२६ मध्ये कैदेतच गेला. पुढे १७३०च्या सुमारास शाहू महाराजांनीच त्यांना साताऱ्यात आणलं.

तरी त्यांची गोष्ट संपत नाही. शाहू महाराजांना मूलबाळ नव्हतं. ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू आहे, जिवाच्या भीतीनं लपवून वाढवलाय. हा रामराजा १७५० मध्ये छत्रपती झाला. पण तो पेशव्यांच्या बाजूनं झुकतोय असं दिसताच आजीनं त्याला कैदेत टाकलं आणि १७५२ मध्ये जेजुरीला शपथेवर सांगितलं, हा माझा नातूच नव्हे. खरं काय, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. पण राज्य की रक्ताचं माणूस, या पेचात त्यांनी शेवटी राज्याकडे कौल दिला, एवढं दिसतं.

डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतच्याच वर्षी, त्या गेल्या. वय शहाऐंशी. आपण आठवण काढतो ती त्या सात वर्षांची. नंतरची चोपन्न वर्षं त्यांना सत्तालोभी, हट्टी ठरवण्यापुरती वापरली जातात. मुलाच्या हक्कासाठी भांडणारा बाप कर्तबगार ठरतो, मग आईच हट्टी का? पुढच्या वेळी कावळा नाक्यावरून जाल, तेव्हा कैदेत मुलगा गमावलेल्या त्या आईलाही मनोमन नमस्कार करा.