शेतकऱ्यांचा विद्यार्थी : सर अल्बर्ट हॉवर्ड

इंदूर या शहराचे नाव देशोदेशींच्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेले, ते खत तयार करण्याच्या एका रीतीमुळे. केनियातील कॉफीचे मळे, सिलोन व आसामातील चहाचे मळे, इंग्लंडमधील परसबागा अशा दूरदूरच्या ठिकाणी ही रीत ‘इंदूर पद्धत’ याच नावाने पोहोचली. ती सिद्ध करणारे अल्बर्ट हॉवर्ड हे केंब्रिजचे पदवीधर आणि इंग्रज सरकारचे अधिकारी होते. हिंदी शेतकऱ्याला सुधारित शेती शिकवावी, या हेतूने त्यांना येथे पाठविण्यात आले होते. येथे आल्यावर मात्र त्यांनी त्याच शेतकऱ्याचे शिष्यत्व पत्करले आणि पुढचे सर्व संशोधन त्या शिष्यत्वातून उभे केले.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. नांगर, गोठा आणि पीकपाणी यांची ओळख त्यांना पुस्तकाआधी झाली. लंडन व केंब्रिज येथील शिक्षण संपवून १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर सरकारी शेती खात्यात कवकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे आणि बागाईतदारांना उपाय सुचविणे हे त्यांचे काम होते. तेथे त्यांना एक उणीव जाणवली. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक होता, प्रयोगशाळा होती. पण स्वतः कसावयास जमीन नव्हती. जो उपाय आपण आपल्या शेतात करून पाहिला नाही, तो दुसऱ्याला कोणत्या अधिकाराने सांगावा, हा प्रश्न त्यांच्या मनात कायमचा घर करून राहिला.

१९०५ साली बिहारमधील पुसा येथे नव्याने निघालेल्या कृषी संशोधन संस्थेत त्यांची वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल या केंब्रिजमध्ये शिकलेल्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढील पंचवीस वर्षे या दांपत्याने इतके एकजीव होऊन काम केले, की त्यांच्या संशोधनातील कोणता भाग कोणाचा हे वेगळे काढणे कठीण व्हावे.

पुसा येथे हॉवर्ड यांनी प्रथम प्रयोगासाठी जमीन मागून घेतली. सुमारे ७५ एकरांचे क्षेत्र त्यांना मिळाले. मग ते भोवतालच्या खेड्यांतील शेते न्याहाळू लागले. तिरहुतच्या त्या लहान लहान तुकड्यांवर औषधाची फवारणी कोणी करीत नव्हते, विकतचे खत कोणाला ठाऊक नव्हते. तरीही तेथील पिके कीड आणि रोग यांपासून बऱ्याच अंशी मुक्त होती. शेतकरी ज्वारीत तूर पेरीत, गव्हात हरभरा मिसळीत. कडधान्याच्या मुळांवरील गाठींचे कार्य शास्त्रज्ञांना अलीकडे उमगले होते. त्याचा लाभ मात्र हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या घेत आले होते. हॉवर्ड यांनी या निरक्षर शेतकऱ्यांना आपले अध्यापक मानले. पिकावर पडणारी कीडही त्यांना शिक्षकासारखी वाटे, कारण बियाणे जमिनीला मानवत नाही किंवा मशागत चुकते आहे, हे ती नेमके दाखवून देते. पाच वर्षांच्या या शिकवणीनंतर, १९१० च्या सुमारास, रासायनिक औषधांवाचून निरोगी पीक घेण्याचे तंत्र आपल्याला साधले, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली बैल पाळले आणि त्यांना शेतातला सकस चारा घातला. शेजारच्या गोठ्यांत लाळ-खुरकुताची साथ आली आणि रोगी जनावरे कुंपणापलीकडे उभी राहिली, तेव्हाही त्यांचे बैल निरोगी राहिले. हा अनुभव त्यांच्या पुढील विचारांचा एक आधार ठरला.

याच काळात हॉवर्ड दांपत्याने गव्हावर मोठे काम केले. देशभरातील गव्हाच्या जाती गोळा करून, त्यांची निवड व संकर करून त्यांनी ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ यांसारखे वाण दिले. पीठ व पाव यांच्या दृष्टीने उत्तम असलेले हे वाण उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरले. सरकार दरबारी त्यांचा गौरव झाला. परंतु हॉवर्ड यांचे समाधान झाले नाही. चांगले बी निकस जमिनीत पडले तर त्याचा गुण किती दिवस टिकणार, असा त्यांचा प्रश्न होता. संस्थेत बियाण्याचा तज्ज्ञ एका दालनात, किडीचा दुसऱ्या आणि मातीचा तिसऱ्या दालनात बसत असे. शेतकऱ्याच्या शेतात मात्र बी, कीड, माती, बैल आणि माणूस एकत्रच नांदतात. तेव्हा संशोधनही एकत्रच व्हावे, अशी त्यांची धारणा झाली.

ही धारणा अमलात आणण्याची संधी त्यांना इंदूरने दिली. मध्य हिंदुस्थानातील संस्थाने आणि कापसासाठी नेमलेली मध्यवर्ती समिती यांच्या साहाय्याने १९२४ मध्ये तेथे वनस्पती संशोधनाची संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. माळव्याच्या त्या काळ्या मातीत हॉवर्ड यांनी हाती घेतलेला प्रश्न वरकरणी साधा, पण करोडो कुटुंबांच्या पोटाशी निगडित होता. चार-पाच एकरांचा धनी असलेला शेतकरी दरवर्षी जमिनीतून धान्य काढतो. मग त्या जमिनीला परत काय देतो? जळण नसल्यामुळे शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात. जनावरांचे मूत्र गोठ्यातच मुरून वाया जाते. पऱ्हाट्या, तुराट्या, तण आणि पाचोळा जाळला जातो किंवा बांधावर पडून राहतो. जमीन दरसाल थोडी थोडी दरिद्री होते आणि तिच्यामागे तिचा धनीही. विकतचे खत घेण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही. तेव्हा उपाय असा हवा, की ज्याला बैलजोडी, फावडे आणि घरची माणसे यांपलीकडे काही लागू नये. चीनमधील शेतकऱ्यांनी चाळीस शतके याच रीतीने जमीन सुपीक राखली, हे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ किंग यांच्या ग्रंथातून हॉवर्ड यांनी वाचले होते.

इंदूर पद्धत या अटींत बसवूनच तयार झाली. कापसाच्या चिवट पऱ्हाट्या रस्त्यावर पसरावयाच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चुरडल्या जातात. यंत्राचा खर्च नको. पालापाचोळा गोठ्यात बैलांखाली अंथरावयाचा. मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती, शेणकाला आणि चुलीतली राख यांसह त्याचे थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा खड्ड्यात पसरावयाचे. पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग करावयाचा. ओल राखावी, पण हवा कोंडू नये, म्हणून ठरावीक अंतराने तीन वेळा हा ढीग उलथावयाचा. आधी बुरशी आणि मग जिवाणू आपले काम करतात आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, मऊ, दुर्गंधीरहित खत हाती येते. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे ५० गाड्या खत मिळते, असा इंदूरचा हिशेब होता. गावोगावच्या उकिरड्याला शास्त्राची शिस्त लागली ती अशी.

या कामातील रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली. हॉवर्ड व वाड या दोघांच्या नावाने शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगाविषयीचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंदूरचे नाव त्यामुळे सर्वत्र गेले. मात्र गॅब्रिएल तो पाहावयास राहिल्या नाहीत. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९४० मध्ये शेतीविषयक विचारांचे सार सांगणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी गॅब्रिएल यांच्या स्मृतीस अर्पण केला.

निवृत्तीनंतरची वर्षे वादात गेली. कृत्रिम खतांच्या पुरस्कर्त्यांवर त्यांनी कठोर टीका केली आणि तितकीच कठोर टीका ओढवूनही घेतली. निरोगी माती म्हणजे निरोगी पीक, निरोगी जनावर व निरोगी माणूस, हा त्यांचा सिद्धांत त्यांनी मांडला तितक्या निरपवादपणे शास्त्राने स्वीकारला नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी होती. ही पद्धत प्रथम मोठ्या प्रमाणावर उचलली ती मजूर आणि भांडवल हाताशी असलेल्या मळेवाल्यांनी. ज्या लहान शेतकऱ्यासाठी ती घडविली होती, त्याच्या घरी शेणाला चूलही तितकीच आतुरतेने वाट पाहत होती. पऱ्हाटीवरही त्याचीच भाकरी भाजली जात होती. जळणाचा आणि पाण्याचा प्रश्न सुटल्याखेरीज खताचा प्रश्न पुरता सुटत नाही, हे खेड्यापाड्यांतील वास्तव होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने तर हेही दाखवून दिले, की धान्य पिकणे आणि ते गरिबाच्या ताटात पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. पुढे याच देशाने संकरित वाण आणि रासायनिक खते यांच्या बळावर अन्नधान्याची मोठी तूट भरून काढली. तो इतिहास हॉवर्ड यांच्या मताच्या उलट जाणारा दिसतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. तथापि जमिनीतील सेंद्रिय अंश घटल्यावर खताची मात्रा वाढवूनही उत्पन्न वाढत नाही, हा अनुभव आल्यानंतर कृषिशास्त्रज्ञ पुन्हा शेणखताकडे आणि कंपोस्टकडे वळले. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सुमारे ८६ टक्के शेतजमिनींचे धारणक्षेत्र दोन हेक्टरांपेक्षा कमी आहे. आशिया आणि आफ्रिकेतील कितीएक देशांत अन्नाची भिस्त अशाच लहान तुकड्यांवर आहे. त्या तुकड्यांच्या धन्याला परवडेल, त्याच्या हातांना पेलेल आणि त्याची जमीन नातवंडांपर्यंत टिकवील अशी शेती कोणती, हा इंदूरच्या काळ्या मातीत विचारला गेलेला प्रश्न आजही तितकाच निकडीचा आहे. त्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने प्रथम शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकावयास बसावे, हा हॉवर्ड यांच्या जीवनाने घालून दिलेला धडा आहे.